बाटा नावाचा माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

जून तोंडावर आला की माझी आई मला शाळेच्या बुटांसाठी दुकानात न्यायची. वाढता पाय म्हणून एक नंबर मोठाच बूट घ्यायचा आणि पुढे कापूस कोंबायचा. दुकानावरच्या लाल अक्षरांतलं ‘बाटा’ हे नाव मला कित्येक वर्षं इथलंच वाटायचं. ते एका माणसाचं आडनाव आहे, हे फार उशिरा कळलं.

त्यांचं नाव तोमाश बात्या. आपल्या जिभेवर बात्याचं बाटा झालं. जन्म 3 एप्रिल 1876 चा, मोराविया प्रांतातल्या झ्लिन गावचा. हा भाग आज चेक प्रजासत्ताकात आहे. घरात पिढ्यान्‌पिढ्या जोडे शिवायचं काम. 1894 साली भाऊ आंतोनिन आणि बहीण आना यांना सोबत घेऊन, आईकडून आलेल्या पैशांवर तोमाशनी कारखाना काढला. वर्षभरातच कर्ज डोक्यावर बसलं. भाऊ सैन्यात गेला. कातडं घ्यायला पैसे नाहीत, म्हणून त्यांनी चक्क कापडाचे बूट शिवले. हलके आणि स्वस्त. ते इतके खपले की कर्ज फिटलं.

1904 साली ते अमेरिकेत गेले, लिन नावाच्या गावी. तिथल्या बुटांच्या कारखान्यात साधे कामगार म्हणून राबले, यंत्रांवरचं काम हातांनी शिकून परतले. पुढे पहिलं महायुद्ध आलं, सैन्याच्या बुटांच्या मागण्या आल्या, कारखाना वाढला.

पण मला तुम्हाला खरं सांगायचंय ते 1922 सालाबद्दल. चेकोस्लोव्हाकियाचं चलन एकाएकी महाग झालं, परदेशातली गिऱ्हाइकं तुटली, गोदामं भरून राहिली. कारखाने बंद पडत होते, माणसं घरी बसत होती. तेव्हा तोमाशनी बुटांची किंमत निम्म्यावर आणली. इतर कारखानदार हसले. दुकानांसमोर मात्र रांगा लागल्या. कापडाच्या बुटांच्या वेळी जे सुचलं होतं तेच हे: गिऱ्हाइकाच्या खिशात जेवढं आहे, तेवढ्यात बसेल असा बूट करायचा.

याची झळ कामगारांना बसली, हेही सांगायला हवं. पगार 40 टक्क्यांनी कापले गेले. त्या बदल्यात धान्य, कपडे अशा गरजेच्या वस्तू कंपनीने त्यांना निम्म्या भावात दिल्या. पुढे कारखान्यातला एकेक विभाग स्वतंत्र हिशेबाने चालू लागला आणि नफ्यातला वाटा कामगारांना मिळू लागला. तरी पगार चाळीस टक्के कमी झाल्याचं ऐकून त्या आठवड्यात एखाद्या कामगाराच्या घरात काय बोलणं झालं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

1923 साली तोमाश झ्लिनचे महापौर झाले. त्यांनी गावात कामगारांसाठी बागेसह विटांची घरं उभी केली, दवाखाना काढला.

1932 च्या सुरुवातीला ते विमानाने भारतात येऊन गेले. कोलकात्याजवळ कोन्नगर इथे कंपनीचं काम नुकतंच सुरू होत होतं. त्यानंतर काहीच महिन्यांनी, 12 जुलैच्या सकाळी, दाट धुक्यात त्यांचं विमान झ्लिनजवळच्या ओत्रोकोवित्से इथून उडालं आणि लगेच कोसळलं. ते आणि वैमानिक, दोघेही गेले. तोमाश 56 वर्षांचे होते.

कारभार सावत्र भाऊ यान यांच्याकडे आला. दोन वर्षांनी हुगळीच्या काठी कारखाना आणि त्याभोवती कामगारांची वसाहत उभी राहू लागली. तिचं नाव बाटानगर. ती पाहायला तोमाश नव्हते.