शालेय नाट्यशिक्षण : प्रयोगाआधीचा अभ्यास

श्रोतेहो,

माध्यमिक शाळेत नाटक हा विषय शिकवावा असे म्हटले की पहिली चौकशी होते ती प्रयोगाची. नाटक कोणते, कधी होणार, मुख्य भूमिका कोणाला? चौकशी स्वाभाविक आहे. पण तिच्यामुळे नाटक बसवणे आणि नाटक शिकणे यांची गल्लत होते. बसवताना हाताशी वेळ थोडा असतो. त्यामुळे ज्याचा आवाज आधीच खणखणीत आहे आणि पाठांतर चटकन होते, त्याच मुलाच्या वाट्याला मोठी भूमिका येते. शिक्षक वाक्य म्हणून दाखवतात, मुलगा ते तसेच उचलतो आणि प्रयोग पार पडतो. टाळ्याही मिळतात. मात्र ‘हे वाक्य तू असेच का म्हटलेस?’ असे त्याला विचारले, तर ‘सरांनी सांगितले म्हणून’ यापलीकडे त्याच्याकडे उत्तर नसते. नाट्याभ्यासाच्या तासाला हा ‘का’ पुन्हा पुन्हा विचारावा लागतो आणि तो विचारण्याची जागा म्हणजे तालीम.

एक साधा प्रवेश घेऊ. थोरली बहीण सामान बांधते आहे, धाकटी दारात उभी आहे आणि म्हणते, ‘एवढ्या लवकर निघालीस?’ संहितेत एवढेच आहे. चौदा वर्षांची मुलगी हे वाक्य पहिल्यांदा वाचते तेव्हा बहुधा रडवेल्या आवाजात वाचते, कारण निरोप म्हणजे दुःख हे समीकरण तिच्या डोक्यात पक्के असते. मग तिला विचारावे : धाकटीला या क्षणी थोरलीकडून काय हवे आहे? तिने थांबावे असे वाटते? ती जाणार म्हणून सुटल्यासारखे वाटते आणि ते लपवायचे आहे? की उसने पैसे मागायचे आहेत आणि विषय काढायला जीभ रेटत नाही? थांबवायचे असेल तर आघात ‘लवकर’वर येतो. सुटका लपवायची असेल तर स्वर गरजेपेक्षा गोड होतो. पैसे मागायचे असतील तर वाक्य संपल्यावरही ती दारातून हलत नाही, आणि तो पॉज वाक्यापेक्षा अधिक बोलून जातो. १८९८ साली मॉस्को आर्ट थिएटर उभारणाऱ्या दोघांपैकी एक असलेले स्तानिस्लावस्की नटाला आधी पात्राची परिस्थिती आणि त्याचे उद्दिष्ट शोधायला लावत, ते याचसाठी. वर्गात त्यांचे नाव मागाहून आले तरी बिघडत नाही. मुलीने आधी तीन तऱ्हांनी ते वाक्य म्हणून पाहिलेले असावे.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. स्वतःच्या आयुष्यातले दुःख आठवून भूमिकेत ओतण्याचा मार्ग या वयाच्या मुलांना दाखवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलाकडून वर्गासमोर जखम उघडी करून घेणे हा अभ्यास होत नाही, आणि ती जखम पुन्हा झाकण्याचे शिक्षण नाट्यशिक्षकाला मिळालेले नसते. स्तानिस्लावस्की यांनीही उत्तरायुष्यात भावनांच्या आठवणींपेक्षा शारीरिक क्रियांवर अधिक भर दिला होता. बॅगेची चेन लावणे, घडी घातलेला सदरा पुन्हा उलगडणे, दाराची कडी चाचपणे, अशी एखादी क्रिया नेमकी झाली की भाव आपोआप तिच्यामागून येतो, आणि आला नाही तरी कोणाचे नुकसान होत नाही.

भरतमुनींच्या परंपरेने अभिनयाचे आंगिक (शरीराच्या हालचालींचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेश, रंगभूषा अशा बाह्य साधनांचा) आणि सात्त्विक (आतल्या भावाचा) असे चार प्रकार सांगितले. शालेय नाटकात राज्य चालते ते वाचिकाचे. एकदा संपूर्ण प्रवेश मुक्याने करायला सांगून पाहावे : जी मुले शब्दांच्या आधाराने उभी होती त्यांना हातांचे काय करायचे ते सुचत नाही, आणि एरवी मागच्या बाकावर बसणारा एखादा मुलगा नुसत्या चालण्यातून वय, थकवा आणि घाई दाखवून जातो. आहार्याच्या बाजूने पाहिले तर वेशभूषा, रंगभूषा, नेपथ्य आणि प्रकाशयोजना ही लाजाळू मुलांच्या सोयीसाठी काढलेली कामे ठरत नाहीत. दिवा कोणत्या वाक्यावर मंद करायचा हे ठरवणाऱ्याला संहिता नटाइतकीच बारकाईने वाचावी लागते.

मुलांनी संहितेशिवाय स्वतः नाट्य रचणे हा या अभ्यासाचा सर्वांत समृद्ध आणि सर्वांत गोंधळाचा भाग. अमेरिकन नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांनी शिकागोमध्ये स्थलांतरित कुटुंबांतील मुलांबरोबर काम करताना नाट्यखेळांची पद्धत विकसित केली. त्यात खेळ चालू असतानाच शिक्षक बाजूने सूचना देत राहतो आणि लक्ष एखाद्या ठोस गोष्टीवर खिळवून ठेवतो, जेणेकरून ‘मी कसा दिसतोय’ ही चिंता मागे पडावी. चौदाव्या वर्षी शाळा सोडून गिरणीत काम केलेल्या आणि पुढे ब्रिटनमधील नाट्यशिक्षणात अग्रणी ठरलेल्या डोरोथी हीथकोट तर स्वतःच भूमिका घेऊन वर्गात वावरत. शिक्षिकाच मदत मागणारी अनोळखी व्यक्ती झाली की उत्तर शोधण्याची जबाबदारी मुलांवर येते. अर्थात हे सोपे नाही. उत्स्फूर्त प्रवेशाची पहिली खेप हटकून भांडण, मारामारी किंवा मृत्यूवर जाऊन संपते, कारण घटना घडवणे सोपे आणि संबंध दाखवणे अवघड असते. अशा वेळी ‘कोणी मरायचे नाही आणि आवाज चढवायचा नाही’ एवढी एकच अट घालून तोच प्रवेश पुन्हा करायला लावावा.

राहिला मूल्यमापनाचा प्रश्न. इंग्लंडमध्ये जीसीएसई, म्हणजे साधारण सोळाव्या वर्षी दिल्या जाणाऱ्या शालेय परीक्षेच्या, स्तरावरील नाटक विषयात लेखी परीक्षेला ४० टक्के आणि प्रत्यक्ष कामाला ६० टक्के भार असतो. स्वतः रचलेल्या नाट्याबरोबर ते कसे घडत गेले याची नोंद द्यावी लागते, आणि विद्यार्थी नटाऐवजी प्रकाश, ध्वनी किंवा वेशभूषेचा संकल्पक म्हणूनही परीक्षा देऊ शकतो. मला या रचनेत नोंदवहीचे मोल विशेष वाटते. ‘आज तालीम चांगली झाली’ या नोंदीला गुण देण्यासारखे काही नाही. ‘मी खुर्ची प्रेक्षकांकडे पाठ करून ठेवली तेव्हा माझे ऐकू येईना, म्हणून ती तिरकी केली; पण आता मी आईकडे बघत नाही हे कळत नाही’ ही नोंद मात्र वाचण्यासारखी आहे, कारण तिच्यात अडचण आहे, उपाय आहे आणि त्या उपायाने उभी केलेली नवी अडचणही आहे.

अशा नोंदी येण्यासाठी वेळापत्रकात जोड तास लागतो. चाळीस मिनिटांच्या तासिकेत बाके सरकवणे, शरीर व आवाज मोकळा करणे आणि शेवटी बाके पुन्हा लावणे यांतच अर्धा वेळ जातो. उरलेल्या वेळात प्रवेश एकदा होतो, दुसऱ्यांदा करून पाहायला अवधी राहत नाही. म्हणून शाळांनी सभागृह किंवा दिव्यांची सामग्री मिळवण्याआधी आठवड्यातून एकदा सलग दीड तास आणि बाके नसलेली एक खोली द्यावी, एवढीच माझी मागणी आहे.