शनिवारवाड्यातला तो मुलगा

नमस्कार मंडळी. काल पौर्णिमा होती. रात्री साडेअकराच्या सुमाराला मी शनिवारवाड्यावरून घरी चाललो होतो, तर दिल्ली दरवाज्यासमोर पाच-सहा कॉलेजची पोरं उभी, गाड्या स्टँडवर लावलेल्या, एकाने मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून हात दरवाज्याकडे लांब केलेला आणि बाकीचे सगळे एकदम चिडीचूप. मी थांबलो, म्हटलं काय ऐकताय रे? त्यातला एकजण हळूच म्हणाला, "काका, पौर्णिमेला आवाज येतो म्हणतात ना, तो ऐकायला आलोय." आणि मंडळी, त्या अंधारात, त्या दरवाज्यासमोर, अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराच्या तोंडून "काका" ऐकलं ना, अंगावर सरसरून काटा आला.

तर आज त्याबद्दलच बोलायचंय. पुण्यातल्या कुठल्याही पोराला विचारा, शनिवारवाडा म्हटलं की पहिलं काय आठवतं, तो भूतच सांगणार. पौर्णिमेच्या रात्री नारायणराव पेशवा वाड्यात धावतो आणि "काका मला वाचवा" म्हणून ओरडतो. आम्ही शनिवार पेठेतले, त्यामुळे ही गोष्ट आम्हाला कोणी मुद्दाम सांगावी लागली नाही, ती घरातच होती. रात्री दंगा केला की आजी म्हणायची, गप झोपा, तो पोरगा बाहेर पडला असेल. भूत नाही म्हणायची कधी, पोरगा म्हणायची. ते तेव्हा लक्षात आलं नाही, आता येतं.

ज्यांनी वाडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० ला पाया घातला, शनिवार होता, म्हणून शनिवारवाडा. दोन वर्षांत, जानेवारी १७३२ मध्ये वास्तुशांत. लाकूड जुन्नरच्या जंगलातलं सागवान, दगड चिंचवडच्या खाणीतला, चुना जेजुरीचा. समोरचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून, दिल्लीच्या दिशेला, आणि त्याच्या फळ्यांवर वीतभर लांबीचे टोकदार खिळे, तेही हत्तीचं कपाळ जिथे येईल त्या उंचीला, म्हणजे हत्ती अंगावर घातला तरी त्याने धडक द्यायला कचरावं. त्या एवढ्या अजस्त्र दरवाज्यात एक छोटी दिंडी आहे, माणूस वाकून आत जाईल एवढी. बाहेरच्या शत्रूचा एवढा विचार करून बांधलेला वाडा आहे तो. आणि घात झाला तो आतून.

आता त्या पोराबद्दल. नारायणराव म्हणजे नानासाहेब पेशव्यांचा धाकटा मुलगा. थोरला भाऊ विश्वासराव पानिपतावर गेला, जानेवारी १७६१. त्याच वर्षी जूनमध्ये वडील पर्वतीवर गेले, मुलाच्या आणि भावाच्या दुःखानेच गेले म्हणतात. मधला भाऊ माधवराव, सगळं राज्य सावरून धरलेला, तो क्षयाने थेऊरला गेला १८ नोव्हेंबर १७७२ ला. आणि महिन्याभरात पेशवाईची वस्त्रं या पोराच्या अंगावर. सतरा वर्षांचा होता हो. आई गोपिकाबाई तिकडे नाशिकजवळ गंगापूरला. घरात वडीलधारं म्हणून कोण, तर राघोबादादा, सख्खे काका, आणि तेही वाड्यातच नजरकैदेत, कारण पेशवेपद आपल्याला मिळायला हवं होतं हे त्यांच्या मनातून कधी गेलंच नाही. म्हणजे बघा, एका छपराखाली राहणारे काका-पुतणे, पुतण्याने काकाला कोंडलेलं, आणि काकाला भेटायला कोण येतं कोण जातं यावर पहारे. अशा घरात कोणाला झोप लागत असेल?

३० ऑगस्ट १७७३. सोमवार. गणपतीचे दिवस, अनंत चतुर्दशी तोंडावर आलेली, वाड्यात उत्सवाची गडबड. सकाळी नारायणराव पर्वतीला जाऊन आला. काहीतरी शिजतंय अशी कुणकुण त्याच्या कानावर आली होती, रघुजी आंग्र्यांनी सावध केलं म्हणतात, आणि त्याने हरिपंत फडक्यांना सांगितलंही की बंदोबस्त करा. हरिपंत हो म्हणाले आणि आधी जेवायला गेले. एवढंच. एक जेवण. मी जेव्हा जेव्हा हे वाचतो तेव्हा तेव्हा त्या जेवणाच्या पानाशी अडकतो, म्हणजे ते पान जर तासभर मागे ढकललं असतं तर, असं वाटत राहतं आणि मग त्याला काही अंत नसतो.

दुपारी गारदी आत घुसले. गारदी म्हणजे पगारी शिपाई, वाड्याच्या पहाऱ्यावरचेच, सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसाफ हे त्यांचे म्होरके. पगार थकलाय, पगार द्या, असा आरडाओरडा करत आले आणि जो आडवा येईल त्याला कापत सुटले. कारकून मारले, कुणबिणी मारल्या, एक गाय मध्ये आली तीही मारली. पेशव्याच्या वाड्यात, गणपतीत, गाय. नारायणराव जेवून आडवा झाला होता, तो उठून पळाला. आधी पार्वतीबाईंच्या दालनात गेला म्हणतात, सदाशिवरावभाऊंची पत्नी, ती म्हणाली काकांकडे जा, तेच वाचवतील. मग हा काकांच्या दालनात. राघोबा देवपूजेत होते. पोराने जाऊन कमरेला मिठी मारली. चापाजी टिळेकर नावाचा त्याचा नोकर मागोमाग धावत आला आणि त्याने स्वतःचं अंग पोरावर घातलं, गारद्यांनी आधी त्याला कापला मग नारायणरावाला. तुळाजी पवार म्हणून राघोबांच्या पदरचा होता, त्याने पाय धरून ओढलं. काकांनी वाचवलं नाही, एवढं खरं.

आता मंडळी, हे जरा नीट लक्षात घ्या, कारण सगळी भुताची गोष्ट इथेच चुकते. हे सगळं भर दुपारी झालं. ऊन असेल, नाहीतर पावसाळी उजेड असेल, पण दिवस होता. पौर्णिमा नव्हती, शुद्ध त्रयोदशी होती. रात्र, चांदणं, अंधारे जिने, हे सगळं आपण नंतर आणून लावलं. आणि मला वाटतं ते आपल्या सोयीसाठी लावलं. रात्री झालेला खून हा भुताखेतांचा होतो, दुपारी जेवणवेळेला घरातल्या माणसासमोर झालेला खून हा माणसांचा असतो. वाड्यात त्या वेळी शेकडो माणसं होती. ते "काका मला वाचवा" एका पौर्णिमेला नाही, त्या एका दुपारी किती जणांनी ऐकलं असेल याचा विचार करा.

प्रेत रात्री नदीकाठी नेऊन गुपचूप दहन केलं.

आपल्याकडे भुतांचीही जातकुळी ठरलेली असते, तुम्हाला माहितीच आहे. मुंज झालेला, लग्न न झालेला मुलगा गेला तर मुंजा, तो पिंपळावर. बाळंतीण गेली तर हडळ. ब्राह्मण इच्छा ठेवून गेला तर समंध. नारायणराव यातला समंधच म्हणायला हवा, लग्न झालेलं, बायको गंगाबाई पोटुशी, आणि मागे सगळंच राहिलेलं. जुन्या लोकांच्या सांगण्यात हा समंध वाड्याच्या बाहेरच्यांना त्रास देत नव्हता. तो लागला होता दुसऱ्या बाजीरावाला, म्हणजे राघोबाच्याच मुलाला. १७९६ ला तो पेशवा झाला, आणि नारायणराव आपल्याला दिसतो, पाठ सोडत नाही, असं त्याला वाटायचं म्हणे. शांती करवल्या, दानं दिली, पुण्याभोवती आंब्याची हजारो झाडं लावली ती याच पापाच्या उपशमासाठी अशी आख्यायिका आहे. त्याने शुक्रवारवाडा बांधला, विश्रामबागवाडा बांधला आणि शनिवारवाड्यात राहणं टाळलं ते मात्र सगळ्यांना दिसतं. बापाने केलेल्याचं भय मुलाच्या उशाशी येऊन बसलं. मला ही गोष्ट पौर्णिमेच्या गोष्टीपेक्षा कितीतरी खरी वाटते, म्हणजे भूत खरं की खोटं हा प्रश्न बाजूला ठेवूनसुद्धा.

राघोबांचा मुद्दा निघालाच आहे तर. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि काकांना तोंडावर सांगितलं की याला प्रायश्चित्त एकच, देहान्त. आणि पुणं सोडून निघून गेले. बारभाईंनी, म्हणजे राघोबांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, मग राघोबांना हाकललं. हे सगळं आपण शाळेत शिकलो. पण मी नेहमी विचार करतो की भाषेने या माणसाला किती सांभाळून ठेवलंय. अटकेपार झेंडे लावले म्हणतो ना आपण, ते राघोबांचेच, १७५८ ची स्वारी. एखादा झपाट्याने गेला की राघोभरारी म्हणतो, तीही त्यांचीच. आणि "ध चा मा" करणे, म्हणजे नारायणरावाला "धरावे" असं लिहिलेलं राघोबांच्या बायकोने, आनंदीबाईने, "मारावे" केलं. आता ती चिठ्ठी काही कोणी दाखवलेली नाही आणि मला वैयक्तिक ती गोष्ट पटतही नाही, एका बाईच्या एका अक्षरावर सगळं ढकललं की बाकीचे पुरुष सुटतात. पण बघा, काकांच्या नावावर पराक्रमाचे दोन वाक्प्रचार, काकूच्या नावावर एक बदनामीचा, आणि पोराच्या वाट्याला काय आलं तर त्याची शेवटची हाक, आणि तीही आपण आता चेष्टेत वापरतो. ऑफिसात साहेब ओरडला की "काका मला वाचवा". राजकारणात काका-पुतण्याचं वाजलं की "काका मला वाचवा". मीही वापरलंय. कालपासून वापरवणार नाही.

नारायणरावाचा मुलगाही गेला त्याच वाड्यात, हे फार लोक विसरतात. गंगाबाईला पुरंदरावर नेऊन ठेवलं होतं, तिथे १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव जन्मला, बाप गेल्यावर साडेसात महिन्यांनी. चाळीस दिवसांचा असताना पेशवा. आणि ऑक्टोबर १७९५ मध्ये, दसरा नुकताच झालेला, तो वाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली कारंज्यावर पडला, उडी की तोल यावर अजून वाद आहेत, दोन दिवसांनी गेला. वय २१. बाप अठराचा, मुलगा एकविसाचा, एकाच घरात. मुलाचं भूत मात्र कोणी ऐकत नाही. तो ओरडला नसेल म्हणून असेल.

आता वाड्यात गेलात तर तुम्हाला आवाज यायला काही उरलेलंच नाहीये. आत दालनं नाहीत, जिने नाहीत, नुसती जोती. १७ नोव्हेंबर १८१७ ला वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं, पुढे कैदी ठेवले, रुग्ण ठेवले, आणि २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली ती सात दिवस जळत होती. सगळं ते जुन्नरचं सागवान. उरलं काय, तर तट, बुरूज, दरवाजे, वरचा नगारखाना आणि ते हजारी कारंजं, कमळासारखं उमललेलं, दगडाचं. त्याच्या काठावर मी लहानपणी बसायचो. हात लावला तर दगड उन्हाळ्यातसुद्धा सावलीच्या बाजूला गार लागतो. बाकी सगळीकडे हिरवळ आणि गुडघाभर उंचीचे चौकोन, तिथे पाटी वाचून समजून घ्यायचं की इथे अमुक महाल होता. आणि त्या चौकोनांमधून पोरं पकडापकडी खेळतात. धावतात. मला ते बघायला आवडतं, खरंच आवडतं, पण एकदा एका पोराला त्याच्या बापाने रीलसाठी "ओरड, काका मला वाचवा ओरड" म्हणून तीन वेळा धावायला लावलं तेव्हा मात्र मी उठून गेलो.

काल त्या कॉलेजच्या पोरांना मी एवढंच म्हटलं की ऐकायचंच असेल तर दुपारी एक वाजता या, भाद्रपदात, गणपतीत या. ती बघतच राहिली. एकाने विचारलं, "काका, तुम्हाला ऐकू आलंय का कधी?" नाही आलं. खोटं कशाला बोलू. आमचं घर वाड्यापासून हाकेच्या अंतरावर, जन्म तिथे गेला, पौर्णिमाच काय कुठल्याच रात्री मला काही ऐकू आलेलं नाही. पुलावरच्या ट्रकचे हॉर्न येतात, कधी घुबड येतं.

पण एक सांगतो. पितृपंधरवड्यात आमच्याकडे आजोबांची तिथी नवमीला असते. ती झाली की घरात पुन्हा कोणाचं काही नसतं. तरी आजी चतुर्दशीला परत सगळा स्वयंपाक करायची, घायाळ चतुर्दशीला, जी शस्त्राने गेलेल्यांची तिथी. आमच्या घरात शस्त्राने कोणीच गेलेलं नाही. भात, त्यावर वरण, एक वडा, थोडी खीर, केळीच्या पानाच्या तुकड्यावर घेऊन ती जिना चढून गच्चीवर जायची आणि वाड्याच्या बाजूच्या कठड्यावर ठेवायची. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, मागेमागे गेलो आणि विचारलं, आजी, हा घास कोणाचा गं?

ती पदराने हात पुसत म्हणाली, "शेजारच्या पोराचा."