हलवला की उजळतो

(दृश्य: काळोखी खोली, शेकरवर म्हणजे सतत हलवणाऱ्या यंत्रावर फ्लास्क)

हा निळसर उजेड ॲलिव्हिब्रिओ फिशरी या समुद्री जीवाणूचा. २००७ पर्यंत तो व्हिब्रिओ फिशरी होता; जुन्या लेबलांवर अजून तेच नाव सापडतं. दिवा मालवून दहाएक मिनिटं थांबा. लगेच बघितलं तर फ्लास्क काळाच दिसतो.

(दृश्य: वजनकाटा)

या जीवाणूचं खाद्य असं: एक लिटर पाण्याला ट्रिप्टोन (पचवलेलं प्रथिन) १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५, मीठ २०. सामू ७.५ वर धरायला ट्रिस बफर. प्लेट ओतायची असेल तर घट्टपणासाठी १५ ग्रॅम अगर-भुकटी. चूक होते ती मिठात: एलबी या नेहमीच्या तयार जीवाणू-खाद्यात ते ५ किंवा १० ग्रॅमच असतं, तेवढ्यावर समुद्रातला हा जीव मनापासून वाढत नाही. दुसरी चूक इन्क्युबेटरची. सवयीने ३७ अंश लावले की कल्चर, म्हणजे वाढवलेले जीवाणू, गेलंच समजा. २४ ते २८ अंश पुरेत.

(दृश्य: अंधारात प्लेट, काडीचं टोक)

दिव्याखाली सगळ्या कॉलन्या, म्हणजे जीवाणूंचे पुंजके, सारख्याच. अंधारात मात्र एखादी ठळक, शेजारची मंद. ठळक कॉलनीखाली प्लेटच्या पाठीवर मार्करने ठिपका द्यायचा आणि तीच उचलायची. पुन्हापुन्हा नुसतं ताज्या खाद्यात पुढे लावत गेलं तर मंद पेशी वरचढ होतात. म्हणून पहिल्याच चांगल्या कॉलनीचा साठा ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर.

(दृश्य: ताजं लावलेलं कल्चर, उजेड नाही)

यात जीवाणू आहेत, पण विरळ. प्रत्येक पेशी एक संदेशरेणू बाहेर सोडते. गर्दी वाढून तो पुरेसा साठला की उजेड पाडणारी लक्स जनुकं चालू होतात. नीलसन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी हे १९७० मध्ये मांडलं. उघड्या समुद्रात ही गर्दी जमत नाही, हवाईच्या बॉबटेल स्क्विडच्या प्रकाश-अवयवात जमते.

(दृश्य: शेकर बंद. उजेड वरच्या कडेपुरता उरतो.)

उजेड पाडणाऱ्या ल्युसिफरेज या विकराला ऑक्सिजन लागतो. तळाचा पेशींनीच संपवला.

(दृश्य: पाण्याचे नमुने, प्रकाशमापक)

विषारी सांडपाणी मिसळलं की उजेड घटतो. १५ अंशांवर ५, १५, ३० मिनिटांनी मोजून चाचणी होते, एकही मासा न मारता. गडद रंगाचा नमुना स्वतःच उजेड शोषतो, ती वजावट करावी लागते.

(दृश्य: हात फ्लास्क हलवतो. निवेदन नाही.)