लेथच्या पायापासून मीटरपर्यंत

वडोदरा. दांडिया बाजारातला जुना वाडा. वर बिऱ्हाडं, खाली एक लेथ (धातू फिरवून कातायचं मशीन), एक ड्रिल आणि ग्राइंडर.

वायरिंग तपासायला सगळे मीटरपासून सुरुवात करतात. आपण लेथच्या पायाशी बसू.

मोटरच्या अंगावर दोन वेगळ्या बोल्टना दोन जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, तारा आवळल्या आहेत. थ्री-फेजमध्ये, म्हणजे तीन वीजवाहक तारांच्या जोडणीत, दोन फेजच्या मध्ये ४१५ व्होल्ट असतात, म्हणून अशा मोटरला दोन स्वतंत्र अर्थिंग हवीत, असा आपला वीजनियम आहे. मशीनच्या थरथरीनं एक बोल्ट ढिला झाला, तरी दुसरी तार कारागिराला वाचवते. इथे पूर्वी एकच तार होती, तीही नळाच्या पाइपला गुंडाळलेली. मधल्या काळात नळ दुरुस्त झाला, लोखंडाच्या जागी प्लास्टिकचा पाइप आला. अर्थिंग तिथेच संपलं. मशीन मात्र रोज चालत होतं, आणि शिकाऊ पोरगा रोज त्यावर हात टेकत होता. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

आता भिंतीवर. स्टार्टर, मोटर चालू-बंद करणारी पेटी. जुन्या मेनमधल्या तीन किटकॅटपैकी (चिनी मातीच्या फ्यूजपैकी) एकीची तार वितळली, तर फिरती मोटर थांबत नाही. ती कण्हत राहते, उरलेल्या दोन फेजमधून दीडपटीहून जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळतं. भोवती सागवानी खांब, सागवानी तुळया. म्हणून ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त करंट गेला की मोटर बंद करणारं उपकरण, मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरलाच लावायचा. पाच एचपीला ते साधारण सात. सोबत सिंगल फेज प्रिव्हेंटर, एक फेज गेला की मोटर थांबवणारा. रिले वारंवार पडतो, म्हणजे मोटर बंद करतो, म्हणून त्याचा काटा वर सरकवणारे मी पाहिले आहेत. कृपा करून हे करू नका. सुरू होताना मोटर सहा-सातपट करंट घेते, पण ते काही सेकंदच, आणि रिले तेवढं सोसतो. तरीही पडत असेल तर आधी बेअरिंग आणि पट्टा बघा.

भिंतीतल्या लाकडी पट्टीवरच्या रबरी वायरी बोट लावलं की भुगा होतात. त्यांच्यावर काहीही जोडायचं नाही. मशीनसाठी नवी केबल, वेगळ्या पाइपातून, टोकांना दाबून बसवलेले लग, म्हणजे धातूची जोडटोकं.

न्यूट्रलकडे, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेकडे, मात्र कुणाचंच लक्ष जात नाही. तीन फेजवर दिवे-पंखे वाटलेले असले आणि न्यूट्रल मध्येच सुटला, तर एका फेजवरचे दिवे मंदावतात, दुसरीकडे २३० व्होल्टच्या जागी साडेतीनशेही जाऊ शकतात. वरच्या मजल्यावरचा फ्रीज जळतो आणि खालच्यांना पत्ताही नसतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं. भिजलेली मोटर वरून कोरडी दिसते. पाचशे व्होल्टच्या मेगरनं, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्रानं, तपासावी. रोध एक मेगाओहमच्या खाली असेल तर आधी वाळवावी.

मीटरपाशी परवानाधारक वायरमनच हात घालेल. मंजूर लोड मशीनच्या बेरजेशी जुळतो का, तेही तो बघेल.

विजेच्या खांबावर कुणी काम करून गेलं, की दोन फेजची अदलाबदल झालेली असू शकते. मोटर उलटी फिरते. लेथचा चक, म्हणजे काम पकडणारा जबडा, फिरत्या दांड्यावर (स्पिंडलवर) आट्यांनी बसवलेला असेल तर उलट फिरताना तो स्पिंडलवरून सुटून निघतो. पट्टा काढून मोटर क्षणभर फिरवायची, दिशा बघायची. मगच पट्टा चढवायचा.