नववे वर्ष आणि चित्रकलेचा तास

अध्यक्ष महोदय, मंडळाचे कार्यकर्ते आणि पालकहो,

शाळेत कला का शिकवावी, या प्रश्नाला हल्ली एक सोयीचे उत्तर मिळते : संगीताने गणित सुधारते, चित्रकलेने एकाग्रता वाढते. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. संगीत ऐकून बुद्धी वाढते ही समजूत ज्या प्रयोगामुळे पसरली, तो १९९३ सालचा प्रयोग लहान मुलांवर नव्हे, तर ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता आणि त्यात दिसलेला परिणाम जेमतेम पंधरा मिनिटे टिकला होता. पुढे २००० साली कलाशिक्षणाच्या अमेरिकन संशोधक एलन विनर आणि लोइस हेटलंड यांनी असे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा वर्गातल्या नाट्यीकरणाने भाषा सुधारते यांसारखे मोजके अपवाद वगळता, कलेमुळेच इतर विषयांतले गुण वाढतात असे त्यांना ठामपणे म्हणता आले नाही.

गुणांसाठी नाही, तर मग कशासाठी?

सहा-सात वर्षांचे मूल टेबल काढताना चारही पाय दाखवते, कारण टेबलाला चार पाय असतात हे त्याला ठाऊक असते. दिसतात किती, हा प्रश्न त्याला अजून पडलेलाच नसतो. तो पडतो साधारण नवव्या-दहाव्या वर्षी. डोळ्यांना दिसलेले आणि कागदावर उतरलेले यांतली तफावत बोचू लागते, खोडरबर झिजू लागतो, आणि कालपर्यंत भिंतीसुद्धा न सोडणारे मूल ‘मला चित्र येत नाही’ म्हणून वही मिटते. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये बालचित्रांच्या विकासाचे टप्पे मांडले, त्यांत ९ ते ११ हे वय वास्तवदर्शनाच्या उदयाचे, म्हणजे जसे दिसते तसे काढू पाहण्याचे, मानले आहे. दूरची वस्तू लहान का दिसते, सावली कोणत्या बाजूला पडते, हे शेजारी बसून दाखवणारा शिक्षक मुलाला तेव्हाच हवा असतो. आणि अनेक शाळांत नेमका तेव्हाच चित्रकलेचा तास परीक्षेच्या तयारीला दिला जातो. (आपल्यापैकी कित्येकांना आजही माणूस काढायला सांगितला, तर तो नऊ वर्षांच्या मुलाने काढल्यासारखाच निघेल.)

म्हणून पालकांनी शाळेत गेल्यावर एवढे तरी विचारावे : चौथी-पाचवीच्या वेळापत्रकात कलेचे तास किती, ते प्रत्यक्षात होतात किती, आणि शिकवणाऱ्याने स्वतः कलेचे शिक्षण घेतले आहे का? स्नेहसंमेलनात मोठ्यांनी बसवलेले नृत्य कितीही चोख झाले, तरी त्यातला एखादा निर्णय मुलाने घेतला होता का, हेही विचारायला हरकत नाही.