चढणीचा मासा

श्रोतेहो, नमस्कार. मृगाचा पाऊस लागला की कोकणात ओढ्यानाल्यांतून चढणीचे मासे वर येतात. रायगडात त्यांनाच वलगणीचे मासे म्हणतात. रात्री बॅटऱ्या घेऊन आम्ही पोरं शेतात उतरायचो. तसाच चढणीचा मासा मी परवाच्या ऑक्टोबरात पाहिला, पण अमेरिकेत, आणि चांगला हातभर लांब!

सिएटलजवळच्या इसाक्वा गावात, ओढ्याकाठी, या माशाचं, म्हणजे सॅमनचं, मत्स्यबीज केंद्र आहे. 1936 सालचं. महामंदीत लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून सरकारनं बांधलेलं. लाकूडतोड आणि कोळशाच्या खाणींनी ओढ्यातले मासे संपत आले होते. म्हणजे माणसानं मोडलं, आणि माणूसच डागडुजी करतोय.

हा मासा येतो कुठून, ते ऐका. काही वर्षं समुद्रात काढून तो सिएटलमधल्या बॅलर्डच्या जलद्वाराशी पोचतो. तिथं त्याच्यासाठी 21 पायऱ्यांची पाण्याची शिडी आहे. मग वॉशिंग्टन तळं, समामिश तळं, आणि शेवटी आपला ओढा. वाट शोधतो वासावरून. गोड्या पाण्यात शिरला की खाणं बंद. अंगातल्या चरबीवर पुढचा सगळा प्रवास. ट्राउट हा त्याचा भाऊबंदच, पण अंडी घालून तो पुन्हा जगू शकतो. इथल्या सॅमनच्या नशिबी ते नाही.

केंद्रात गमबूट घातलेली माणसं मादीला आधी मारतात, मग पोट चिरतात. शेंदरी, वाटाण्याएवढी अंडी बादलीत घळाघळा पडतात. चिनूक जातीच्या एका सॅमन मादीची चारेक हजार तरी. त्यावर नराचं पोट दाबून पांढरं रेत सोडायचं, थोडं पाणी, झालं. आमची ही अलिबागची. बादलीकडं बघून हळूच म्हणाली, "अहो, केवढी ही गाभोळी!" मी तिला पुढं घेऊन गेलो.

ही अंडी कपाटातल्या खणांसारख्या ट्रेमध्ये, वाहत्या थंड पाण्यात ठेवतात. आधी अंड्यात दोन काळे डोळे दिसू लागतात, मग पोटाला बलकाची पिशवी लटकलेलं पिल्लू बाहेर येतं. ओढ्यात सोडण्याआधी त्याच्या पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा पर कापतात. पर नसला की कोळ्याला कळतं, हा केंद्रातला. बऱ्याच ठिकाणी असाच मासा ठेवून घेता येतो. पर शाबूत असला तर तो ओढ्यात जन्मलेला, त्याला परत सोडायचं.

केंद्रातही माशांसाठी अशीच शिडी आहे; निघताना तिच्या काचेशी थांबलो. पलीकडं एक नर होता. शेपटी झिजलेली, डोक्यावर पांढरी बुरशी, जबडा आकड्यासारखा वाकलेला. नीट पाहिलं, तर पाठीवरचा तो पर नव्हता. म्हणजे गडी ट्रेमधलाच. त्यानं वरच्या पायरीकडं उडी घेतली. चुकली. क्षणभर पाण्यात आडवा राहिला, आणि पुन्हा वळला.