श्रावण वद्य पंचमी, पण कुणाची?

श्रोतेहो, नमस्कार.

समजा, ती शके १७१७ मधली, म्हणजे इसवी सन १७९५ ची. तो आजचा, इंदुरातच वाढलेला, राजवाड्यामागच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत राहणारा. एकदा भेट झाली आहे, पुढची ठरवायची आहे, आणि मध्ये सव्वादोनशेहून जास्त वर्षं उभी आहेत. अशी प्रेमकथा लिहायला बसणारे बहुतेक जण सुरुवातीची दहा पानं काळाचं दार कसं उघडतं, प्रकाश कसा पडतो, यात घालवतात. ते दोन ओळींत उरका. वाचक दार मान्य करतो. तो अडतो पुढे, ती दोघं एकमेकांना चुकतात तिथे. ताटातूट पटली नाही तर गोष्ट गेलीच. आणि ती पटवायची असेल तर खलनायक शोधत फिरू नका, भिंतीवरचं पंचांग काढा.

आपल्या इंदुरात दोन पंचांगं शेजारी शेजारी नांदतात. मराठी घरातला महिना अमावास्येला संपतो, तो अमान्त. माळव्यातल्या हिंदी घरातला पौर्णिमेला, तो पूर्णिमान्त. शुद्ध पक्षात दोघांचं जुळतं. नागपंचमी, गणेश चतुर्थी, दसरा, सगळं एकाच महिन्यात, एकाच नावानं. वद्य पक्ष लागला की नावं फुटतात. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्यातली, शेजारच्या शर्माजींची भाद्रपद कृष्णातली. दिवस तोच, रात्र तीच, महिन्याचं नाव वेगळं. अहिल्याबाई गेल्या १३ ऑगस्ट १७९५ रोजी. मराठी पुस्तकात ती तिथी श्रावण वद्य चतुर्दशी अशी छापतात, आणि इंदुरात पालखी निघते भाद्रपद कृष्ण चतुर्दशीला. दोन्ही बरोबर.

आता हे उलटं फिरवा. दिवस एक आणि नावं दोन, यात नुकसान काही नाही. नाव एक आणि दिवस दोन, इथे गोष्ट जन्माला येते. तिनं निरोप ठेवला, ‘श्रावण वद्य पंचमीस वाट पाहते.’ त्याच्या घरी आजी होती तोवर मराठी पंचांग होतं. आता सराफ्याच्या कोपऱ्यावरून आणलेलं हिंदी पंचांग खिळ्याला लटकतं आहे. त्यातली श्रावण कृष्ण पंचमी म्हणजे आपली आषाढ वद्य पंचमी. तो तीस दिवस आधी जाऊन उभा राहतो. दार बंद. रात्रभर थांबतो, पहाटे घरी येतो, आणि समजतो की तिनं मन बदललं.

उशिरा पोचण्यापेक्षा लवकर पोचणं जास्त क्रूर असतं, हे लिहिताना विसरू नका. उशीर झालेल्या माणसाला आपली चूक कळते. लवकर पोचलेला दुसऱ्याची चूक धरून बसतो. तो नोकरी घेऊन पुण्याला निघून जातो आणि महिन्याभरानं, खऱ्या पंचमीला, ती एकटी दिवा घेऊन बसते.

हे आणखी ताणायचं असेल तर अधिक महिना वापरा. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी तो येतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. मराठी पंचांगात आधी अख्खा अधिक श्रावण, मग निज श्रावण. हिंदी पंचांगात मात्र निज महिन्याचे दोन पक्ष फाकवून मधोमध अधिक महिना बसवतात. त्यामुळे हिंदी श्रावण कृष्ण पंचमी जुलैच्या सुरुवातीला पडली आणि आपली निज श्रावण वद्य पंचमी सप्टेंबरच्या सुरुवातीला. तीस दिवसांचा फरक दोन महिन्यांचा झाला. शिवाय ‘अधिक की निज’ हा तिसरा घोटाळा मराठी घरातच शिल्लक राहतो. एवढं साहित्य घरात असताना विजेचा गडगडाट कशाला हवा?

तारखेनंतर वेळ. जुन्या हिशेबात दिवस सूर्योदयाला सुरू होतो, मध्यरात्री नाही. ‘पंचमीच्या रात्री तिसऱ्या प्रहरी’ म्हटलं की फोनवरची तारीख आधीच बदललेली असते. नायक फोनवर गजर लावतो आणि चोवीस तासांनी चुकतो. तिथीही इंग्रजी तारखेसारखी चोवीस तासांत मावत नाही. कधी एकोणीस-वीस तासांत संपते, कधी सव्वीसपर्यंत लांबते, त्यातून क्षय आणि वृद्धी होतात. दार ‘पंचमी असेपर्यंत’ उघडं ठेवणार असाल तर त्या वर्षीची पंचमी किती वाजता संपते हे पाहूनच प्रसंग लिहा.

यातला मला सर्वांत आवडणारा घोटाळा घटिकेचा आहे. तिच्या काळी मुहूर्ताची वेळ घटिकापात्रावर मोजत. तांब्याची वाटी, तळाला बारीक भोक, पाण्यावर तरंगत ठेवायची. भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटं. दिवसात साठ घटिका, घटिकेत साठ पळं. समजा दार मध्यान्ही एकच घटिका उघडतं. तो घड्याळात ठीक बाराला हजर. पण आपलं घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचं, म्हणजे साडेब्याऐंशी रेखांशाचं, आणि ते १ जानेवारी १९०६ नंतरचं. इंदूर पंचाहत्तरच्या पुढे, शहात्तरच्या आत. इथला सूर्य घड्याळाच्या सुमारे साडेसव्वीस मिनिटं मागे आहे. बाराला आलेला नायक बारा चोवीसला, ‘एक घटिका झाली’ म्हणून पाठ फिरवतो. दार त्यानंतर उघडतं. श्रावणात तर सूर्य आणखी पाच-सहा मिनिटं रेंगाळतो. म्हणजे ती पायरीवर येते तेव्हा त्याची पाठसुद्धा दिसत नाही. हे मिनिटांचं गणित पात्रांच्या तोंडी घालू नका. नुसती वाटी बुडताना दाखवा आणि नंतर कधीतरी, दुसऱ्याच निमित्तानं, घड्याळाचा फरक येऊ द्या.

आता चिठ्ठी. तिच्या हातची चिठ्ठी त्याला सापडते, हा प्रसंग टाळता येणार नाही, तेव्हा तो नीट करा. चिठ्ठी मोडीत असणार. कारकून आधी पानभर शिरोरेघा ओढायचा आणि मग बोरू न उचलता अक्षरं त्यांना लटकवत जायचा. ऱ्हस्व-दीर्घ नाही. इकार एकच, उकार एकच. विरामचिन्हं नाहीत आणि शब्दांमध्ये जागाही नाही. शाई काजळीची आणि डिंकाची. ती उन्हानं विटत नाही, पाण्यानं मात्र पसरते. म्हणून ‘अक्षरं फिकट झाली होती’ लिहू नका. ओल लागून ओघळली होती, वाळवीनं कडा खाल्ल्या होत्या, घडीवर कागद फाटला होता, असं लिहा. शुद्धलेखनाचे सगळे नियम पाळणारी १७९५ सालची चिठ्ठी जाणकाराच्या हाती पडली तर तो हसून परत देईल.

शब्दांत जागा नसण्याचा फायदा घ्या. ‘येऊनका’ एवढी अक्षरं सलग दिसली. ‘येऊ नका’ की ‘येऊन का’? पुढचा शब्द वाळवीनं नेला असेल तर प्रेमिकाची झोप गेली. ही युक्ती इथे मिळते आहे ती मोडीमुळे. छापील देवनागरीत ती चालणार नाही.

मायन्यातही घसरगुंडी आहे. ‘प्रिय’ नको. वर ‘श्री’, मग ‘विनंती उपरी येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जावे’, मग ‘विशेष’, आणि मुद्दा संपला की ‘बहुत काय लिहिणे, हे विनंती’. एवढ्या ठरीव सांगाड्यात प्रेम कुठे बसवायचं, असं वाटेल. मुद्द्याच्या ओळीत बसवा, तेही कामाच्या शब्दांत. ‘तुपाची बुधली तशीच आहे, कोणास दिली नाही.’ पुरे. आणि ती त्याला नावानं हाक मारणार नाही. ‘आपण’ म्हणेल, नाहीतर ‘तिकडून कधी येणे होईल’ असं विचारेल. तो तिला आल्या आल्या ‘तू’ म्हणाला तर ती दचकली पाहिजे. तिथे अर्धं पान थांबायला हरकत नाही.

आणखी एक. तिला लिहिता येत असेलच असं धरू नका. अशा घरातल्या बाईची चिठ्ठी बहुधा कारकुनाच्या हातची. म्हणजे गुपित तिघांत आहे. हा कारकून जपून ठेवा, शेवटी लागेल.

जागेबद्दल थोडक्यात. १७९५ च्या इंदुरात अहिल्याबाईंचा दरबार भरवू नका. राजधानी महेश्वरला होती. इंदूर राजधानी झालं १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर. नायिका इंदुरात असेल तर ती कसब्यातली, दरबारातली हवी असेल तर महेश्वरची. चिठ्ठी राजवाड्यात लपवायची तर खालच्या तीन दगडी मजल्यांत. वरचे चार लाकडी. १८०१ मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी शहर लुटून जाळलं, १९८४ मध्ये पुन्हा आग लागली. तुळईच्या खाचेत ठेवलेली चिठ्ठी या दोन आगींतून सुखरूप निघाली तर वाचक पुस्तक मिटेल. महेश्वरच्या घाटाचा दगड त्यापेक्षा भरवशाचा. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, होळकरांच्या त्या स्मारकांपाशी, दोघांना भेटवण्याचा मोह होईल. आवरा. त्या तिच्यानंतरच्या आहेत.

आता देह. आजचा तरुण तिच्या काळात गेला की औषधं माहीत असल्यामुळे तोच शहाणा ठरतो, असं सरसकट लिहिलं जातं. देवीच्या रोगाच्या बाबतीत ते साफ उलटं आहे. जेन्नरची लस १७९६ ची, मुंबईत ती पहिल्यांदा टोचली गेली १८०२ मध्ये. तिच्या काळी देवी घरोघर होत्या. लहानपणी त्यातून उठलेल्या माणसाला त्या पुन्हा सहसा होत नसत. आणि आपल्याकडे शेवटचा रुग्ण १९७५ चा, त्यानंतर काही वर्षांत देवी काढणं बंद झालं. तुमच्या नायकाच्या दंडावर वण नाही. तिच्या गालावर आहेत. त्या काळात जगायला तीच जास्त लायक आहे. तो राहिला तर मरेल, हे तिला त्याच्या आधी कळतं. ती त्याला परत ढकलते आणि कारण सांगत नाही. या ताटातुटीला कुणा दुष्ट सरदाराची गरज पडली नाही, हे लक्षात आलं असेल.

जेवणात साबुदाण्याची खिचडी, चहा आणि टोमॅटो काढून टाका. पोहे राहू द्या, बटाटा वगळा. जिलबी चालेल. आगपेटी नाही, ती १८२६ नंतरची. चकमक आणि कापूस घ्या. पैशात त्याच्या खिशातली नाणी कुचकामी. महेश्वरच्या रुपयावर शिवलिंग आणि बेलाचं पान असे, आणि परगावचं नाणं दिलं की सराफ बट्टा कापून घ्यायचा.

आणि वीस-बावीस वर्षांची अविवाहित नायिका? नको. त्या वयाची बाई तेव्हा बहुतेक संसारातली असायची, नाहीतर विधवा. विधवा घेतलीत तर घर असं निवडा की जिथे पाट लावायची चाल होती. बऱ्याच जातींत ती होती, ब्राह्मणांत नव्हती. म्हणजे दुसऱ्या लग्नाचा रस्ता त्या काळातच उघडा राहतो, आणि तो न येण्याला धार येते, कारण दीर पाटासाठी माणूस पाहतो आहे.

शतकं ओलांडणारं लग्न आपल्याला नवं नाही. विष्णुपुराणात रैवत राजा मुलीसाठी वर विचारायला ब्रह्मदेवाकडे जातो, तिथे गाणं चाललेलं असतं म्हणून जरा थांबतो, आणि खाली कित्येक चतुर्युगं उलटून जातात. मनातले सगळे वर कधीच मेलेले. रेवती बलरामाला दिली जाते, पण ती जुन्या युगातली म्हणून फार उंच. तो नांगराच्या टोकानं तिला आपल्या मापाची करतो. पुराणकारानं मध्ये गेलेला काळ आकड्यात न सोडता उंचीत दाखवला. तुम्ही वणात दाखवा, नाहीतर तिच्या चालीत. गुळगुळीत फरशीवर अनवाणी चालताना ती पाय कसा टाकते, तिथून सुरुवात करून पाहा.

आता तो कारकून. त्यानं आयुष्यभर सरकारी कागद लिहिले. सरकारी कागदाच्या शेवटी सुहूर सन घालायची सवय. हे वर्ष जूनच्या सुरुवातीला, मृग लागला की बदलतं. आकडे अरबी नावांनी, एकक आधी. ‘सीत तिसैन मया व अलफ’, म्हणजे सहा, नव्वद, शंभर आणि हजार, अकराशे शहाण्णव. मृगापासून डिसेंबरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. आले १७९५. आणि शेजारी ‘छ’ घालून मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे त्या महिन्याची तारीख. तिनं नुसतं ‘श्रावण वद्य पंचमी’ सांगितलं. कारकुनानं हाताच्या सवयीनं खाली ओढलं, ‘छ १८ मोहरम’.

नायकानं तो ‘छ’ पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याला ती नुसती नक्षी वाटली होती. पुण्याला गेल्यावर तो मोडी शिकतो आणि वर्षभरानं चिठ्ठी पुन्हा उलगडतो. मोहरमचा महिना चंद्र दिसल्यापासून सुरू होतो. त्याला अमान्त ठाऊक नाही आणि पूर्णिमान्तही नाही. त्या वर्षी हिंदी पंचांगातल्या श्रावण कृष्ण पंचमीला चंद्र जिल्हेजचा, म्हणजे मोहरमच्या आधीच्या महिन्याचा होता. मोहरमचा अठरावा चंद्र फक्त मराठी वद्य पंचमीला येतो, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. तो मराठी पंचांग आणतो, या वर्षीचा श्रावण काढतो, अधिक महिना नाही ना तेवढं बघतो, आणि इंदूरची गाडी पकडतो. या खेपेला घड्याळ खोलीवरच ठेवून, हातात तांब्याची वाटी घेऊन.